आधी वजन, मग रॉड : प्रस्तावना

अमेरिकेत स्थिरावलेल्या मराठी घरांत मुलं सात-आठ वर्षांची झाली की उन्हाळ्यातल्या एखाद्या शनिवारी तळ्यावर मासे धरायला जायचं ठरतं. आदल्या संध्याकाळी आई किंवा बाबा दुकानात जातात आणि छताला टेकलेल्या रॉडच्या रांगेसमोर उभे राहतात. विक्रेता विचारतो, कोणते मासे धरायचेत? उत्तर बहुतेक ठरलेलं असतं : छोटेच, पण चुकून मोठा लागला तर रॉड मोडायला नको. त्या ‘मोठा लागला तर’पायी मध्यम ताकदीचा, ताठ शेंड्याचा रॉड आणि दहा पौंडी लाइन घरी येते. दुसऱ्या दिवशी त्या रॉडने टाकलेला दोन-तीन ग्रॅमचा फ्लोट काठाजवळच पडतो. मासा आमिष खाऊन गेला तरी कळत नाही, आणि दुपार व्हायच्या आत मुलं कंटाळून पाण्यात खडे मारायला लागतात.

हे पुस्तक त्या शनिवारसाठी आहे. सांगायचं आहे ते थोडक्यात असं : कोणता मासा लागेल याचा विचार नंतर करा, आपण किती वजन फेकणार आहोत ते आधी ठरवा. रॉडची ताकद, लांबी, लवचीकपणा, रील, लाइन हे सगळं त्या एका आकड्यावरून ठरत जातं. पुढच्या प्रकरणांत याचाच विस्तार आहे. त्यामागची कारणं मात्र सुरुवातीलाच समजली तर दुकानात कोणाच्या सल्ल्यासाठी थांबावं लागणार नाही, म्हणून ही प्रस्तावना जरा लांबवली आहे.

ज्या माशांना अमेरिकेत सरसकट पॅनफिश म्हणतात, ते एका जातीचे नाहीत. तव्यावर अख्खे मावतील एवढे सगळे गोड्या पाण्यातले मासे त्यात येतात. त्यांत पहिला मान ब्लूगिलचा. तळहाताएवढा, चपटा, गोलसर, कल्ल्याच्या टोकाशी काळा ठिपका असलेला हा मासा अमेरिकेच्या पूर्व आणि मध्य भागात जवळजवळ प्रत्येक तळ्यात सापडतो. इलिनॉयने तर त्याला राज्याचा मासा म्हणून मान दिला आहे. त्याचाच भाऊबंद पंपकिनसीड, ज्याच्या कल्ल्याच्या काळ्या ठिपक्याला नारिंगी-लाल कड असते. मग क्रॅपी, काळी आणि पांढरी अशा दोन जातींची, बुडालेल्या झाडांच्या फांद्यांत थव्याने राहणारी. आणि पिवळ्या अंगावर गडद पट्टे असलेला यलो पर्च, जो तळाजवळ कळपाने फिरतो.

यातला नेहमी मिळणारा ब्लूगिल पंधरा ते वीस सेंटिमीटर लांब असतो आणि त्याचं वजन शंभर ते दीडशे ग्रॅम भरतं. आजवरचा सर्वांत मोठा नोंदलेला ब्लूगिल १९५० साली अलाबामातल्या केटोना तलावात मिळाला. त्याचं वजन ४ पौंड १२ औंस, म्हणजे सव्वादोन किलोच्याही आत होतं. चार पौंडी लाइन जवळजवळ १.८ किलोचा सरळ ताण सहन करते. पाण्यातला मासा आपलं सगळं वजन लाइनवर टाकत नाही, शिवाय वाकलेला रॉड आणि सुटत जाणारी रील यांत बराच झटका जिरतो. म्हणजे ज्या मोठ्या माशाच्या धास्तीने आपण जाड रॉड घेतो, तोही चार पौंडी लाइनवर काठापर्यंत आणता येतो. धास्तीला तशी जागाच उरत नाही.

आता फेकण्याच्या बाजूने पाहू. ब्लूगिलचं तोंड आपल्या करंगळीच्या नखापेक्षा फार मोठं नसतं. तो आमिष चावत नाही, तोंड उघडून पाण्यासकट आत ओढून घेतो, आणि काही खटकलं तर त्याच झपाट्याने बाहेर टाकतो. एवढ्या तोंडासाठी आठ किंवा दहा नंबरचा बारीक गळ लागतो, त्यावर गांडुळाचा बोटाच्या पेराएवढा तुकडा. वर एखादा सडपातळ फ्लोट आणि मध्ये दोन-तीन बारीक शॉट, म्हणजे लाइनवर दाबून बसवायच्या वजनाच्या गोळ्या. हे सगळं मिळून दोन ते चार ग्रॅम होतं. क्रॅपीसाठी जी छोटी जिग, म्हणजे डोक्याशी वजन असलेला गळ, वापरतात ती १/३२ किंवा १/१६ औंसाची असते, म्हणजे एक ते पावणेदोन ग्रॅमच्या आसपास. या खेळात आपण दिवसभर जे फेकणार आहोत ते एवढंच.

रॉड ही स्प्रिंग आहे. मागे नेताना शेंड्यावरचं वजन तिला वाकवतं आणि पुढे झोकताना ती सरळ होत ते वजन भिरकावते. ज्या वजनाने रॉड वाकतच नाही, ते वजन रॉड फेकू शकत नाही. मग माणूस हातातली ताकद वाढवतो, आमिष गळावरून निसटतं आणि फ्लोट कुठेतरी वाकडातिकडा पडतो. चार ग्रॅमने जो शेंडा झुकतो तो चार ग्रॅम अलगद वीस मीटरवर ठेवतो. आठ वर्षांच्या मुलीच्या मनगटात जोर कमी असतो, म्हणून तिला तर हलका रॉडच लागतो. मोठी माणसं चुकीच्या रॉडची भरपाई दंडाच्या जोरावर करू पाहतात, तिच्याकडे तोही मार्ग नसतो.

इतक्या हलक्या वस्तू फेकता येणं ही मासेमारीच्या इतिहासात तशी अलीकडची गोष्ट आहे. आयझॅक वॉल्टनचं ‘द कम्प्लीट अँग्लर’ १६५३ साली छापलं गेलं. त्या काळचा इंग्रज गळकरी घोड्याच्या केसांची दोरी वळून लांब काठीच्या टोकाला बांधत असे आणि काठी पोचेल तेवढ्याच पाण्यात गळ सोडत असे. पुढे रीळ आलं, पण ते फिरतं होतं. फेकलेल्या वजनाने आख्खं रीळ गरगर फिरवायचं आणि मग त्यातून दोरी सुटायची. जड शिसं असेल तर हे साधतं. दोन ग्रॅमचा फ्लोट रीळ हलवूच शकत नाही.

१९०५ साली आल्फ्रेड इलिंगवर्थ यांनी यावर तोडगा काढला आणि त्याचं पेटंट घेतलं. ते ब्रॅडफर्डच्या लोकरगिरण्यांच्या दुनियेतले. गिरणीतल्या कांडीवरून सूत निघताना कांडी फिरत नाही, सूत तिच्या टोकावरून वेटोळी सोडत निघून जातं. हीच रचना त्यांनी रिळाला दिली. रीळ जागच्या जागी स्थिर, आणि लाइन त्याच्या तोंडावरून वेढे सोडत बाहेर. आज आपण ज्याला स्पिनिंग रील म्हणतो ती हीच. नंतर नायलॉन आलं. ड्यूपाँ कंपनीने १९३८ मध्ये ते जाहीर केलं आणि लवकरच त्याची एकसंध, बारीक लाइन बाजारात आली. केसासारखी बारीक, ओली झाली तरी न कुजणारी दोरी गळकऱ्याला प्रथमच मिळाली.

तिसरा बदल काठीत झाला. एकोणिसाव्या शतकात बांबूच्या कामट्या तासून, चिकटवून षटकोनी काठ्या बनत. पेनसिल्व्हेनियातल्या ईस्टन गावचे सॅम्युएल फिलिप हे त्या कामातले सुरुवातीचे कारागीर. दुसऱ्या महायुद्धानंतर काचतंतूचे रॉड आले आणि सामान्य माणसाला परवडू लागले. १९६०च्या दशकात फार्नबरो इथल्या ब्रिटिश विमान-संशोधन केंद्रात कार्बन तंतू विकसित झाला, आणि १९७३ साली फेनविक कंपनीने कार्बन तंतूचे, ज्यांना दुकानात ग्रॅफाइट म्हणतात असे, रॉड अमेरिकेत विकायला काढले. स्थिर रीळ, नायलॉन आणि तंतूचा रॉड या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या तेव्हा कुठे दोन ग्रॅम वीस मीटरवर टाकणं हा लहान मुलाच्या हातचा खेळ झाला.

आता दुकानात चला. प्रत्येक रॉडवर मुठीच्या जरा वर बारीक अक्षरांत काही मजकूर असतो. रंग आणि कंपनीचं नाव सोडून पहिल्यांदा तो वाचा. त्यात पॉवर, ॲक्शन, लांबी, लाइनची मर्यादा आणि फेकायच्या वजनाची मर्यादा लिहिलेली असते. पॉवर म्हणजे रॉड किती ताकदीने वाकतो : अल्ट्रालाइट, लाइट, मीडियम-लाइट अशी चढती भाजणी. पण या शब्दांना कोणतंही सर्वमान्य माप नाही. एका कंपनीचा अल्ट्रालाइट दुसऱ्या कंपनीच्या लाइटइतका ताठ असू शकतो. म्हणून शब्द सोडून आकडे पाहा. लाइन २ ते ६ पौंड आणि वजन १/३२ ते १/४ औंस, म्हणजे साधारण एक ते सात ग्रॅम, असं लिहिलेलं असेल तर तो आपला रॉड. वजनाची खालची मर्यादा १/८ औंसापासून सुरू होत असेल तर, किंमत कितीही मोहात पाडो, तो परत जागेवर ठेवा.

छापलेल्या आकड्यांचीही खातरजमा करता येते. खिशात अमेरिकेचं पाच सेंटचं नाणं असतंच. त्याचं वजन बरोबर ५ ग्रॅम असतं. एक सेंटचं नाणं अडीच ग्रॅमचं. घरून थोडा दोरा आणि कागदी टेप घेऊन जा. नाण्याला टेपने दोरा चिकटवा, दुसरं टोक रॉडच्या शेवटच्या कडीला बांधा आणि रॉड आडवा धरा. पाच सेंटच्या नाण्याने शेंडा स्पष्ट खाली झुकला पाहिजे. मग मनगटाने हलकेच वर-खाली हलवा. नाणं हलताना शेंडा त्याच्या मागे वाकत असेल आणि ते मुठीत जाणवत असेल तर हा रॉड आपलं वजन ओळखतो. शेंडा जागचा हलला नाही तर दुसरा उचला. चार रॉड असे ओळीने पाहिले की फरक हाताला लगेच कळतो. त्यासाठी आधीच्या अनुभवाची गरज नाही. दुकानदारही सहसा नाही म्हणत नाहीत.

ॲक्शन म्हणजे रॉड कुठे वाकतो. फास्ट ॲक्शनचा रॉड वरच्या टोकाशी वाकतो आणि खाली ताठ राहतो. मॉडरेट ॲक्शनचा अर्ध्यापर्यंत कमान धरतो. टीव्हीवरचे बास मासा धरणारे लोक फास्टची तरफदारी करतात, कारण त्यांना जाड ओठात मोठा गळ झटक्यात रुतवायचा असतो. आपल्याला मॉडरेट हवा. क्रॅपीच्या तोंडाच्या कडेला पापुद्र्यासारखी पातळ त्वचा असते. ताठ रॉडने झटका दिला की गळ ती फाडून बाहेर येतो. अर्ध्यापर्यंत वाकणारा रॉड तो झटका स्वतःत जिरवतो आणि सलग, मऊ ओढ ठेवतो. त्याने गळावरचं बारीक आमिषही फेकताना टिकून राहतं. आणि खरं सांगायचं तर शंभर ग्रॅमच्या ब्लूगिलचा आनंद या कमानीतच आहे. अंगाची चपटी बाजू ओढीच्या आड धरून तो गोल गोल फिरत झुंजतो, आणि मऊ रॉडवर त्याची प्रत्येक फेरी मुठीपर्यंत पोचते.

लांबीच्या बाबतीत मात्र फ्लोट काय म्हणतो ते ऐकावं लागतं. बाजारात अल्ट्रालाइट रॉड बरेचदा पाच-साडेपाच फुटांचे मिळतात. झाडांनी झाकलेल्या ओढ्यावर, छोट्या होडीत, किंवा अगदी लहान मुलाच्या हातात ते ठीक आहेत. काठावरून फ्लोट टाकायचा तर ते तोकडे पडतात. फ्लोट आणि शेंडा यांच्यामध्ये बरीच लाइन पाण्यावर पडलेली असते. वारा तिला धनुष्यासारखी बाक देतो. फ्लोट बुडाल्यावर आपण रॉड उचलतो तेव्हा आधी ती सैल लाइन ताणली जाते, मग गळ हलतो. रॉड जितका लांब, तितकी एका उचलीत जास्त लाइन वर येते. पाण्यावर पडलेली लाइन उचलून वाऱ्याच्या वरच्या बाजूला ठेवणंही तितकं सोपं होतं.

दुसरं कारण याहून सोपं आहे. फ्लोट लाइनला घट्ट अडकवलेला असेल तर त्याच्या खाली जेवढी लाइन सोडली आहे ती रॉडच्या लांबीपेक्षा जास्त असून चालत नाही, कारण लाइन गुंडाळत आणली की फ्लोट शेंड्याला येऊन अडकतो आणि मासा हाताबाहेर खालीच लटकत राहतो. पाच फुटी रॉडने पाच फुटांखालचं पाणी या पद्धतीने आवाक्यात येत नाही. याच गोष्टींसाठी इंग्लंडमध्ये फ्लोटसाठी बारा-तेरा फुटांचे, पेन्सिलीसारखे सडपातळ मॅच रॉड वापरतात, आणि अमेरिकेच्या दक्षिणेत क्रॅपी धरणारे दहा ते सोळा फुटांचे पोल. टेनेसीतला रीलफूट तलाव १८११-१२च्या मोठ्या भूकंपांत जमीन खचून तयार झाला. त्यात बुडालेल्या सायप्रसच्या बुंध्यांमध्ये लांब पोलाने बरोबर खोडाजवळ आमिष उतरवता येतं.

एकच रॉड घ्यायचा असेल तर माझा सल्ला सात फुटांचा, अल्ट्रालाइट, मॉडरेट ॲक्शनचा रॉड घ्या, असा आहे. तो गाडीच्या डिकीत दोन तुकड्यांत मावतो, मोठ्या माणसाला आखूड वाटत नाही आणि दहा वर्षांच्या मुलाला पेलतो. पन्नास-साठ डॉलरमध्ये या वर्णनाचे चांगले रॉड मिळतात.

खोल पाण्याची अडचण सरकता फ्लोट सोडवतो. यात फ्लोट लाइनवर मोकळा सरकतो आणि हव्या त्या खोलीच्या मापावर लाइनला दोऱ्याची एक बारीक गाठ मारतात, गाठ आणि फ्लोट यांच्यामध्ये एक मणी ओवतात. फेकताना फ्लोट शॉटपर्यंत खाली येतो, पाण्यात पडल्यावर लाइन त्यातून सरकत जाते आणि गाठ मण्याला टेकली की थांबते. ही गाठ रॉडच्या कड्यांतून आत-बाहेर जाते, आणि इथेच घेताना दुर्लक्षित राहिलेली एक गोष्ट पुढे त्रास देते. हल्ली काही रॉडना शेंड्याकडे अगदी बारीक कड्या लावतात. वजन वाचतं हे खरं, पण गाठ त्यात अडकते आणि फेक मध्येच थांबते. म्हणून शेंड्याच्या कड्यांतून गाठ सहज जाते की नाही ते दोऱ्याला गाठ मारून तिथेच तपासा. मुठीजवळची पहिली कडी मात्र मोठी हवी. स्थिर रिळावरून लाइन रुंद वेढे घेत येते आणि कडी लहान असेल तर ती तिथेच घासते.

रील १००० किंवा ५०० नंबरची पुरे. तिचं वजन दोनशे ग्रॅमच्या आसपास असावं आणि रॉडला लावल्यावर दोघांचा तोल रिलीच्या पायाजवळ एका बोटावर राहावा. दिवसभर रॉड हातात धरायचा असेल तर हा तोल शेंड्याकडे गेलेला मनगटाला सोसत नाही. लाइन चार पौंडी, रिळाच्या काठापासून साधारण तीन मिलिमीटर कमी राहील इतकी भरा. कमी भरली तर लाइन काठावर घासून फेक तोकडी पडते, आणि जास्त भरली तर वेढे गुंता होऊन एकदम सुटतात. फेकल्यावर बेल, म्हणजे रिळावरची तारेची कमान, हाताने बंद करायची सवय लावा. लाइनमधला पीळ त्याने कमी होतो. ड्रॅग, म्हणजे ओढ वाढली की लाइन सुटू देणारी रिलीतली योजना, लाइनच्या ताकदीच्या चौथ्या हिश्शाला सुटू द्या.

काचतंतू की ग्रॅफाइट, हा वाद मी फार लांबवणार नाही. ग्रॅफाइट हलका असतो आणि चाहूल चांगली देतो. काचतंतू थोडा जड, पण मऊ वाकणारा आणि धक्के सोसणारा. गाडीच्या दारात रॉड चिमटणाऱ्या मुलांसाठी काचतंतू अधिक शहाणपणाचा. ग्रॅफाइटवर छापलेला आयएम-६ वा आयएम-७ हा शिक्का बघून जादा पैसे मोजू नका. ती मुळात एका कंपनीच्या तंतूची नावं आहेत, रॉडच्या दर्जाचं सरकारी प्रमाणपत्र नव्हे. एक गोष्ट मात्र गांभीर्याने सांगते : कार्बनमधून वीज वाहते. विजेच्या तारांखाली लांब ग्रॅफाइट रॉड उभा धरू नका, आणि ढग गडगडू लागले की रॉड जमिनीवर ठेवून काठ सोडा.

फ्लोटबद्दल पुस्तकात एक स्वतंत्र प्रकरण आहे, तरी दोन शब्द इथे. दुकानात मिळणारा लाल-पांढरा प्लॅस्टिकचा गोल बॉबर दिसायला छान, पण ब्लूगिलसाठी फार फुगीर. त्याला बुडवायला मासा जेवढा जोर लावतो तेवढ्यात त्याला शंका येते आणि तो आमिष टाकून देतो. सडपातळ फ्लोट घ्या आणि तो शॉटने असा भारित करा की पाण्यावर फक्त रंगीत टोक राहील. सर्वांत लहान शॉट गळाच्या जवळ, बाकीचे वर. मग पाहा : टोक आधी थरथरतं, त्याच्याभोवती बारीक वलयं उठतात, मग काही वेळा ते सरळ न बुडता तिरकं होऊन बाजूला सरकू लागतं. तीच वेळ. काही वेळा उलट घडतं. क्रॅपी खालून वर येत आमिष घेते, शॉटचं वजन उचललं जातं आणि फ्लोट पाण्यावर आडवा पडतो. मुलं म्हणतात, काहीच झालं नाही, आणि मासा तोंडात आमिष धरून उभा असतो.

इंग्लंडमध्ये वॅगलर नावाचे फ्लोट पूर्वापार मोरपिसाच्या देठाचे बनवत आले आहेत. काही ठिकाणी साळिंदराचे काटेही वापरत. वॅगलर लाइनला फक्त खालच्या टोकाशी अडकवलेला असतो, त्यामुळे लाइन पाण्याखाली बुडवता येते आणि वारा तिला ओढू शकत नाही. वाहत्या पाण्यात मात्र वर-खाली दोन्हीकडे अडकवलेला फ्लोट चांगला, कारण त्याला प्रवाहात रोखून धरता येतं.

शॉट शिशाचे घेऊ नका. गिळलेल्या शिशाने हंस मरत असल्याचं दिसल्यावर ब्रिटनने १९८७ पासून लहान शिशाच्या शॉटवर बंदी घातली. अमेरिकेत न्यू हॅम्पशायर, मेन, न्यूयॉर्क यांसारख्या ईशान्येकडच्या राज्यांनी लून पक्ष्यासाठी असेच निर्बंध आणले आहेत. कथलाचे शॉट थोडे मोठे असतात, पण काम तेच करतात.

हाती आलेल्या माशाचं काय करायचं, हाही रॉड निवडण्याइतकाच महत्त्वाचा भाग आहे. पाणी वीस अंशांच्या पुढे गरम झालं की, उत्तरेत मे-जूनमध्ये, नर ब्लूगिल उथळ पाण्यात शेपटीने गोल खळगे करतात. अशी घरटी शेजारी शेजारी वसाहतीने असतात. मादी अंडी घालून निघून जाते आणि नर राखण करत थांबतो, घरट्यावर आलेल्या कशावरही तुटून पडतो. म्हणून त्या दिवसांत मोठे मासे सहज मिळतात. ते सगळे उचलले तर नुसती संख्या घटत नाही. राखणदार मोठे नर नाहीसे झाले की लहान नर लवकर वयात येतात, वाढण्याची ताकद प्रजननात घालवतात, आणि काही वर्षांत तळ्यात खुजे मासेच उरतात. मिनेसोटाने बऱ्याच तळ्यांवर ब्लूगिलची दिवसाची मर्यादा पाच किंवा दहावर आणली आहे ती यासाठीच. खायला मध्यम मासे ठेवा. घरट्यावरचा मोठा नर ओल्या हाताने धरून लगेच सोडा.

आणि एका तळ्याचा मासा दुसऱ्या तळ्यात सोडू नका, उरलेलं जिवंत आमिषही पाण्यात ओतू नका. १९६० साली जपानचे तेव्हाचे युवराज अकिहितो अमेरिकेत आले असताना शिकागोच्या महापौरांनी त्यांना ब्लूगिल भेट दिले. ते संशोधनासाठी जपानला नेले गेले, तिथून पसरले आणि बिवा सरोवरातल्या स्थानिक माशांच्या मुळावर आले. स्वतः माशांचे अभ्यासक असलेल्या सम्राट अकिहितो यांनी २००७ मध्ये त्याबद्दल जाहीरपणे खंत व्यक्त केली. आपल्याकडच्या चिलापीची कहाणीही वेगळी नाही. मूळची आफ्रिकेतली ही तिलापिया १९५२ मध्ये भारतात आणली गेली, तीही अशीच पसरली, आणि आज उजनीच्या काठावरच्या जेवणात ती मानाने वाढली जाते.

कोकणात ओढ्याकाठी गरवायला बसणारी पोरं बांबूची काठी, दोरी, बुचाचा तुकडा आणि गांडूळ यांवर हेच काम पिढ्यान्‌पिढ्या करत आली आहेत. ज्यांनी लहानपणी गरी टाकली आहे, त्यांना या पुस्तकातलं बरंच ओळखीचं वाटेल. सुट्टीत रॉड सोबत नेला तर तलावावर मासेमारीचा ठेका असलेल्या संस्थेची परवानगी आधी घ्या. चार पौंडी लाइनवर चिलापी उत्तम झुंजते.

पुस्तकाची मांडणी या क्रमाने आहे : आधी मासे आणि त्यांची पाण्यातली जागा, मग वजन आणि लाइन, मग रॉड आणि रील, मग फ्लोट आणि गाठी, शेवटी मासा हाताळणं आणि स्वयंपाक. मुलांसाठीची प्रकरणं वेगळी काढलेली नाहीत. जे मुलाला जमतं तेच मोठ्यालाही उत्तम जमतं, असा माझा ठाम समज आहे.

निघण्यापूर्वी आपल्या राज्याचा परवाना घ्या. बहुतेक राज्यांत सोळा वर्षांखालच्या मुलांना तो लागत नाही, मोठ्यांना लागतो. १९५० च्या डिंगेल-जॉन्सन कायद्यानुसार मासेमारीच्या सामानावर कर घेतला जातो आणि त्याचा मोठा भाग राज्यांच्या मत्स्यसंवर्धनासाठी खर्च होतो. तुम्ही घेतलेल्या रॉडमधूनही त्या तळ्याच्या वाट्याला काही जातं. दुकानात पाच सेंटचं नाणं घेऊन जा, शेंडा झुकतो का ते पाहा, आणि झुकणारा रॉड मुलांच्या हाती द्या.